वेल्डिंग मशीनची छोटी गाडी : काय घ्यायचं, कशी जोडायची



दर वेळी या संदेशात बियाणं, खतं, फवारणी असते. आजचा विषय जरा वेगळा, पण पेरणीशीच जोडलेला आहे. पहिला पाऊस पडून वापसा आला की कुणाचा रोटाव्हेटर, कुणाची पाभर, कुणाच्या ट्रॉलीचा हूक असं काहीतरी तुटतंच. वापसा काही आपल्यासाठी थांबत नाही. तेवढ्यात अवजार गाडीत घालून दुकानात न्यायचं, नंबर लावायचा, यात बाजरी-मुगाची पेरणी मागं पडते. म्हणून घरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन असलं तर बरं पडतं.

पण होतं असं, की मशीन एका शेडमध्ये, केबल मोटरच्या खोलीत, रॉडचं पाकीट ओल्या कोपऱ्यात आणि काळी काच कुठं आहे ते कुणालाच माहीत नाही. काम नडलेलं असतं. मग माणूस तोंड फिरवून, डोळे मिटून "दोनच टाके मारतो" म्हणतो. डोळ्याला इजा होते ती तिथंच, आणि कडब्यावर ठिणगी जाते तीही तिथंच.

म्हणून आजची एकच गोष्ट लक्षात ठेवा : *गाडी नुसती मशीन ओढायला करायची नाही. काच, हातमोजे, पाणी आणि मशीन एकत्रच हलली पाहिजेत, त्यासाठी गाडी करायची.*

*१) आधी ठरवा, गाडीवर काय ठेवणार*

शेतीच्या दुरुस्तीला सिंगल फेजवर चालणारं २०० अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन पुष्कळ झालं. २.५ मिमीचा रॉड साधारण ७० ते ९० अँपिअरवर चालतो, ३.१५ मिमीचा १०० ते १३० वर. अँगल, पट्टी, पाइप, फणाची चौकट ही कामं यात बसतात. या मशीनचं वजन साधारण ५ ते ८ किलो असतं.

मग गाडी कशाला, डोक्यावर नेऊ की, असं कुणी म्हणेल. पण बाकीचं सामान मोजा. वेल्डिंगची केबल, अर्थ क्लॅम्प, २५-३० मीटर एक्स्टेंशन, ग्राइंडर, हातोडी, चिपिंग हातोडी, वायर ब्रश, पाने, अग्निशामक सिलिंडर आणि पाण्याची बादली. हे सगळं मिळून सहज ४०-५० किलो होतं. मशीन हलकंच आहे, गाडी लागते ती या बाकीच्या सामानाला.

ज्यांच्याकडं जुनं तेलाचं ट्रान्सफॉर्मर मशीन आहे, त्यांना ही गाडी चालणार नाही. त्याचं वजन कित्येकदा शंभर किलोच्या आसपास किंवा वर जातं. ते त्याच्याच चाकांवर शेडमध्ये राहू द्या.

*२) चाकं : कंपनीतली ट्रॉली बघून फसू नका*

सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव ही सगळी कंपन्यांची पट्टी. घरातलं कुणी ना कुणी कंपनीत जातंच. तिथली ट्रॉली तीन-चार इंची फिरत्या चाकांवर बोटानं ढकलली तरी पळते, कारण खाली गुळगुळीत काँक्रीट आहे. तीच चाकं आपल्या मुरमाच्या अंगणात खड्याला अडतात. दौंडकडच्या काळ्या रानात तर पहिल्याच पावसात रुततात.

म्हणून जमीन बघून चाक घ्या :

▪️ *शेडमध्ये कोबा असेल आणि गाडी तिथंच राहणार असेल* तर मागं दोन स्थिर चाकं आणि पुढं दोन फिरती, ब्रेकवाली. किमान ५ इंची घ्या.

▪️ *गाडी अंगणात, गोठ्यापर्यंत, बांधापर्यंत न्यायची असेल* तर १० ते १२ इंची दोन मोठी चाकं आणि दुसऱ्या बाजूला दोन लोखंडी पाय. बांधकामावरच्या एकचाकी ढकलगाडीसारखं मागून उचलायचं आणि ढकलायचं. सोडलं की पायावर गच्च उभी राहते, ब्रेकची भानगड नाही.

आपल्यापैकी बहुतेकांना ही दुसरीच सोयीची आहे. चाक भरीव रबराचं घ्या. हवेचं चाक मऊ चालतं, पण बाभळीचा एक काटा आणि काम बंद. फवारणीच्या जुन्या एचटीपी ट्रॉलीची चाकं पडून असतील तर बेअरिंग तपासून तीच वापरा.

चाकाची ताकद बघताना एक हिशोब ठेवा. चार चाकांच्या गाडीत एकूण वजनाला चारनं भागू नका, तीननं भागा. ओबडधोबड जागेत एक चाक नेहमी अधांतरी राहतं आणि सगळा भार तिघांवर येतो.

*३) सामान*

गाडीचं माप : लांबी ६०० मिमी, रुंदी ४०० मिमी, दोन कप्पे. मूठ जमिनीपासून ९०० मिमीच्या आसपास, म्हणजे उभ्या माणसाच्या कमरेला येईल अशी.

▪️ २५ × २५ × ३ मिमी अँगल, ६ मीटरच्या दोन लांब्या. हा अँगल मीटरला १.१ किलो भरतो, म्हणजे दोन्ही मिळून साधारण १३ किलो. सगळा लागणार नाही, थोडा उरेल.
▪️ १.६ मिमी पत्र्याचे ६०० × ४०० चे दोन तुकडे. एक तुकडा साधारण ३ किलोचा.
▪️ धुऱ्यासाठी २० मिमीचा गोल बार. चाकाच्या भोकाला बसतोय का ते आधी बघा.
▪️ वॉशर, स्प्लिट पिन, मुठीसाठी एक इंची पाइपचा तुकडा.

अँगल भंगारातून किलोवर घेतला तरी चालतो. फक्त सरळ आहे का ते डोळ्याला लावून बघा, आणि गंजून पातळ झालेला घेऊ नका. पांढरा जीआय पाइप शक्यतो टाळा. वेल्डिंग करताना त्यावरच्या जस्ताचा पांढरा धूर होतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी-ताप येतो. वापरायचाच झाला तर टाक्याच्या जागेवरचं जस्त घासून काढा आणि मोकळ्या हवेत काम करा.

⚠️ हे मी माझ्या विषयातलं सांगतो : *औषधाचे रिकामे ड्रम कापून कप्पे करू नका.* धुतलेल्या ड्रमच्या सांध्यातही कीटकनाशक राहतं आणि उष्णतेनं त्याची वाफ होते. डिझेल, ऑइलचा ड्रम तर त्याहून वाईट, ठिणगी पडली की फुटतो. पत्रा नवा घ्या, थोडे पैसे जातील.

*४) जोडणी, क्रमानं*

१. खालची आणि वरची अशा दोन चौकटी कापून सपाट जागेवर मांडा. दोन्ही कर्ण मापा. दोन्ही सारखे आले तरच चौकट काटकोनात आहे.

२. आधी फक्त टाके मारा. चारही कोपरे, मग चार उभे अँगल, ५५० मिमीचे. पुन्हा कर्ण मापा. वाकडं असेल तर आत्ताच ठोकून सरळ होईल, पूर्ण वेल्डिंगनंतर होणार नाही.

३. पूर्ण वेल्डिंग करताना एका कोपऱ्यानंतर समोरचा कोपरा घ्या. एकाच बाजूनं करत गेलात तर लोखंड ओढून चौकट पिळते.

४. वरच्या कप्प्याचा अँगल असा लावा की कड वर राहील. मशीन घसरून खाली येत नाही. बाजूला एक तिरपी पट्टी द्या, गाडी डुलत नाही.

५. धुरा पुढच्या कडेपासून साधारण १०० मिमी आत, चौकटीच्या खाली. चाकं चौकटीच्या बाहेरच्या अंगाला. मूठ पायांच्या बाजूला, म्हणजे मागं.

६. *धुऱ्याचं वेल्डिंग चाकं न घालता करा.* चाक बसवलेलं असताना वेल्डिंग केलं तर रबर जळतं, बेअरिंग जातं. हवेच्या टायरजवळ उष्णता देणं तर जिवावर बेतू शकतं.

७. गार झाल्यावर चाकं, वॉशर, पिन घाला. मग गाडी सपाट उभी करून पायांचं माप घ्या आणि *पाय सगळ्यात शेवटी कापा.* कागदावरच्या मापानं आधी कापलेले पाय हमखास लांब-तोकडे होतात.

८. रेडऑक्साईड मारा, वरून कुठलाही ऑइलपेंट.

*५) प्रत्येक वस्तूला जागा*

▪️ *वरचा कप्पा :* मशीन. पुढं-मागं वीतभर जागा मोकळी ठेवा, आतल्या पंख्याला हवा लागते. पेटीत कोंडू नका. ग्राइंडर मशीनजवळ चालवू नका, लोखंडाचा चुरा पंख्यातून आत ओढला जातो.

▪️ *खालचा कप्पा :* जड सामान, आणि तेही चाकांच्या बाजूला. उचलताना हाताला वजन कमी लागतं आणि उतारावर गाडी कलंडत नाही.

▪️ *बाजूला दोन आकडे :* एक वेल्डिंग केबलला, एक एक्स्टेंशनला. आकडा रुंद गोलाईचा करा, टोकदार आकड्यावर केबल मोडते.

▪️ *रॉडची नळी :* ठिबकच्या कामातून उरलेला तीन इंची पीव्हीसी पाइप घ्या. रॉड ३५० मिमीचा असतो, म्हणून नळी ४०० मिमीची कापा. एका बाजूला टोपी चिकटवा, दुसऱ्या बाजूला काढता येईल अशी. ओला रॉड चरचरतो, टाक्यात भोकं पडतात आणि तो सांधा रानात पुन्हा सुटतो.

▪️ *मुठीजवळ एक आकडा, फक्त काच आणि हातमोज्यांसाठी.* मूठ धरायला हात गेला की ते दिसलेच पाहिजेत.

▪️ *बादलीची कडी आणि अग्निशामकाचा पट्टा.* हे करायचं राहून जातं. राहू देऊ नका.

*६) गाडी नेल्यावर*

🔌 घराच्या बोर्डातल्या ५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर मशीन लावू नका. वेगळा एमसीबी आणि अर्थिंग असलेला जाड पॉइंट करून घ्या. २५-३० मीटर लांब न्यायचं तर एक्स्टेंशन ४ चौरस मिमी तांब्याची, तीन तारांची. वापरताना ती *पूर्ण उलगडा*, गुंडाळीत राहिली तर तापून वितळते. मोटरच्या स्टार्टरमधून उघड्या तारा ओढणं, पावसात ओल्या जमिनीवर उभं राहून वेल्डिंग करणं, हे दोन्ही बंद.

🚜 अवजार ट्रॅक्टरला जोडलेलं असेल तर सोडवून घ्या. ते शक्यच नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. अर्थ क्लॅम्प टाक्याच्या अगदी जवळ लावा. लांब लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होतं. आणि रोटाव्हेटरचं तुटलेलं पातं जोडू नका. ते कडक पाण्याचं असतं, तिथंच पुन्हा तुटून उडतं. पातं बदला.

👁️ काच ११ नंबरची. शेजारी उभं राहणाऱ्यालाही लागते, आणि पोरांना तिथं उभंच राहू देऊ नका. वेल्डिंगचा प्रकाश डोळ्याला लागला तर लगेच काही कळत नाही. रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं, पाणी वाहतं. असं झालं तर कुणी सांगतंय म्हणून डोळ्यात काही पिळू नका, डॉक्टरांकडं जा.

🔥 ठिणगी दहा-दहा मीटरपर्यंत जाऊ शकते. कडब्याची गंज, उसाचं पाचट, कांदा चाळ यांच्यापासून गाडी तेवढी लांब उभी करा. काम झाल्यावर *अर्धा तास जागा सोडू नका.* आग बरेचदा धुमसत राहून मागाहून पेटते. विजेजवळ आग लागली तर आधी मेन बंद, मगच पाणी.

*७) गॅस कटिंगचा सेट असेल तर*

या गाडीवर गॅसचे सिलिंडर चढवू नका. त्यांची गाडी वेगळी करा : सिलिंडर उभा राहील अशी, तळाला पत्रा, आणि वर-खाली दोन साखळ्या. भरलेल्या मोठ्या ऑक्सिजन सिलिंडरमध्ये दीडशे किलोच्या आसपास दाब असतो. तो पडून वरचा व्हॉल्व्ह तुटला तर तो सिलिंडर समोरची भिंत बघत नाही. हलवताना रेग्युलेटर काढा, टोपी घाला.

काळा सिलिंडर ऑक्सिजनचा, तांबूस-किरमिजी ॲसिटिलिनचा. ॲसिटिलिनचा सिलिंडर कधीही आडवा करायचा नाही, आतलं ॲसिटोन बाहेर येतं. आणि आपल्या लोकांनी विशेष जपायचं ते हे : *ट्रॅक्टरच्या ग्रीसचा हात ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला लावायचा नाही.* ऑक्सिजनच्या दाबाखाली तेल-ग्रीस आपोआप पेट घेतं. घरचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर कटिंगला लावणं बेकायदा आहे. या सिलिंडरांना गॅस सिलिंडर नियम २०१६ लागू आहेत आणि ते बघणारं पेसो हे केंद्र सरकारचं खातं नागपूरला आहे.

खरं सांगायचं तर एकट्या शेतकऱ्याला गॅस सेटची गरज क्वचितच पडते. कापायचं बरंचसं काम ग्राइंडरवर होतं. सेट घ्यायचाच तर गटाच्या अवजार बँकेत एक असावा आणि तो शिकलेल्या माणसाच्याच हातात असावा.

*करून घेणार असाल तर*

स्वतःला वेल्डिंग नीट येत नसेल तर चौकट फॅब्रिकेटरकडून करून घ्या आणि आकडे, नळी, पट्टे घरी बसवा. वर दिलेली मापं त्याला दाखवा. "चाकं मोठी, पाय शेवटी, बादलीची कडी विसरायची नाही" एवढं बजावून सांगा.

हा ब्रॉडकास्ट आहे. याला उत्तर दिलंत तर ते फक्त माझ्याकडं येतं, सगळ्यांना दिसत नाही. तेव्हा काका, दादा, ताई, संकोच करू नका. शेडचा आणि मशीनवरच्या पाटीचा फोटो टाका, कोणतं चाक आणि किती जाडीची केबल लागेल ते कळवतो. मृग लागायच्या आत गाडी उभी राहू द्या.

— आपला कृषी सल्लागार, सणसवाडी