निरोप गेला, पण वाचला का?
मोबाईलवरील निरोप व कॉल : सभासदांसाठी चार गोष्टी



पूर्वी तोडणीची चिठ्ठी घेऊन चिटबॉय सायकलवर बांधावर यायचा. आता तोच निरोप व्हॉट्सॲपवर जातो. सोय झाली खरी. पण निरोप गेला म्हणजे पोचला असे नव्हे, आणि पोचला म्हणजे वाचला असेही नव्हे. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

गेल्या हंगामात एका सभासदाला तोडणीच्या पाळीचा निरोप पाठवला. दोन टिका दिसल्या आणि मी निश्चिंत झालो. सकाळी टोळी फडावर हजर, आणि घरधनी मुलीकडे गडचिरोलीला! गाडीवाट काट्यांनी बंद. टोळी दुसरीकडे वळवावी लागली आणि त्यांचा पक्व ऊस पुढे बारा दिवस उभा राहिला. वाळलेल्या उसाचे वजन घटते, हे सभासदांना वेगळे सांगायला नको. नुकसान त्यांचे झाले, चूक माझी होती.

१. टिकांचा अर्थ : एक टिक म्हणजे निरोप आपल्या फोनमधून निघाला. दोन करड्या टिका म्हणजे समोरच्याच्या फोनात पडला. दोन्ही निळ्या झाल्या म्हणजे उघडून पाहिला. मात्र काहीजण ही निळी खूण बंद करून ठेवतात. ग्रुपमध्ये सगळ्यांनी पाहिल्याशिवाय टिका निळ्या होत नाहीत. कोणी पाहिले ते बघायचे असल्यास आपल्या निरोपावर बोट दाबून धरावे व ‘इन्फो’ उघडावे. तरी पाळीचा निरोप मिळताच सभासदांनी ‘मिळाला’ एवढे उत्तर जरूर द्यावे. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांनी माईकचे चित्र दाबून बोलून पाठवावे.

२. रेंज पाहून साधन निवडा : गोंडपिपरी तालुक्यात जंगलाकडेच्या गावी रेंज येते-जाते. व्हॉट्सॲपवरून कॉलची सोय २०१५ साली आणि व्हिडिओ कॉलची २०१६ साली आली. पण या कॉलला दोन्हीकडे चालू इंटरनेट लागते. रेंज कमी असली की आवाज तुटतो. अशा वेळी ‘हॅलो हॅलो’ करत बसू नये. घाई असेल तर साधा फोन करावा. तोही लागेना तर साधा एसएमएस टाकावा, त्याला इंटरनेट लागत नाही. घाई नसेल तर व्हॉट्सॲपवर बोलून ठेवावे. रेंज आली की निरोप आपोआप पोचतो. मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या घरच्या माणसांशीही असेच बोलता येते. कॉलला डेटा कमी लागावा म्हणून सेटिंग्जमधील ‘स्टोरेज अँड डेटा’ मध्ये ‘यूज लेस डेटा फॉर कॉल्स’ चालू करावे.

३. घरात वाय-फाय असेल तर : आपल्या देशात २०१९ च्या अखेरीपासून ‘वाय-फाय कॉलिंग’ मिळू लागले. टॉवरची रेंज नसली तरी वाय-फायवरून साधा फोन लागतो, समोरच्याकडे काही वेगळे असावे लागत नाही. आपला फोन व सिम त्या सोयीचे आहे का ते पाहून सेटिंग्जमध्ये ती चालू करावी. मात्र रात्री पाणी द्यायला गेल्यावर वाघ-अस्वलाचा किंवा सर्पदंशाचा प्रसंग आला तर व्हॉट्सॲपमध्ये वेळ घालवू नये. तेथून ११२ लागत नाही; साध्या फोनवरूनच लावावा.

४. पैशाचा निरोप : १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. त्या दिवसांत आपण बँकेच्या निरोपाची वाट पाहत असतो, आणि ठगालाही तेच हवे असते. ‘बिल अडकले आहे, ओटीपी सांगा’ असे कोणी म्हणाले तर फोन ठेवून द्यावा. ऊस बिलासाठी ओटीपी लागत नाही. पीएम किसान, चलान, केवायसी अशा नावाने एपीके फाईल आली तर ती उघडूच नये, मग ती ओळखीच्या नंबरवरून आलेली का असेना. कदाचित त्याचाच फोन ठगाच्या हाती गेला असेल. पैसे गेलेच तर लाजून घरी बसू नये. ताबडतोब १९३० वर फोन करावा व बँकेला कळवावे. जितके लवकर, तितकी रक्कम अडवता येण्याची आशा जास्त.

शेवटी एक विनंती. नंबर बदलला असल्यास तोडणी सुरू होण्याआधी आपल्या गट कार्यालयात नवा नंबर नोंदवावा. आणि आमच्याकडूनही यंदा एक बदल : पाळीच्या निरोपाला उत्तर आले नाही तर आम्ही साधा फोन करू, फोन लागला नाही तर माणूस पाठवू. सायकलची चिठ्ठी गेली. पण निरोप हातात पडल्याची खात्री करण्याचे काम संपलेले नाही.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग