ऋतुसंक्रमण आणि घराची आवराआवर : 'आगोट' व 'दसरा काढणे' या प्रथांचा विचार

प्रास्ताविक

घराची स्वच्छता ही नित्याची बाब असली तरी घराची आवराआवर ही नित्याची बाब नव्हे. केर काढणे, भांडी घासणे, फरशी पुसणे ही कामे दिवसाच्या चक्राशी बांधलेली असतात. माळा उतरविणे, अंथरुणे-पांघरुणे धुणे, धान्याची साठवणपात्रे रिकामी करून उन्हात ठेवणे, कौलांची शाकारणी करणे, भिंतींना चुना देणे ही कामे मात्र ऋतूच्या चक्राशी निगडित आहेत. महाराष्ट्रात अशा कामांचे दोन मोठे काळ परंपरेने ठरलेले दिसतात. पहिला मृग नक्षत्रापूर्वीचा, म्हणजे साधारणतः मे महिन्याचा उत्तरार्ध व जूनचा पहिला आठवडा. दुसरा घटस्थापनेपूर्वीचा, म्हणजे भाद्रपदाचा उत्तरार्ध. चैत्रातील पाडव्याची आणि दिवाळीची साफसफाई या दोहोंना जोडून येते.

गेल्या काही वर्षांत शहरी मध्यमवर्गात 'पसारा कमी करणे' ही कल्पना बरीच रुजली आहे. मारी कोंडो या जपानी लेखिकेचे आवराआवरीविषयीचे पुस्तक २०१४ साली इंग्रजीत आल्यानंतर तिचा जगभर प्रसार झाला. प्रत्येक वस्तू हाती घ्यावी, ती आनंद देत असेल तर ठेवावी, अन्यथा तिला निरोप द्यावा, असे या पद्धतीचे सूत्र आहे. मराठी घरातील ऋतुमानानुसार होणारी आवराआवर हीदेखील याच प्रकारातली, असा समज सर्रास आढळतो. तो कितपत ग्राह्य आहे, हे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

आगोट : घर भरण्याचा काळ

कोकणात पावसाळ्याच्या तोंडाला 'आगोट' म्हणतात. आगोटीच्या कामांचे स्वरूप पाहिले तर त्यांत वस्तू कमी करण्याचा भाग फारच थोडा आहे. फुटकी कौले बदलणे, पागोळ्यांखालचे चर मोकळे करणे, पडवीत झडीचे पाणी येऊ नये म्हणून विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधणे ही झाली घराची डागडुजी. तिच्याबरोबरच चार महिन्यांची बेगमी सुरू होते. लाकूडफाटा आणि शेणी कोरड्या जागी रचल्या जातात. कांदे आढ्याला टांगले जातात. सुकी मासळी, मीठ, आमसुले, कुळीथ, पापड यांची डब्यांत व मडक्यांत भरणी होते. ज्या वस्तू दमटपणाने लवकर बिघडतात त्यांना चुलीच्या वरची जागा मिळते, कारण धुराने व उष्णतेने तेथे कोरडेपणा टिकतो. गोव्यात याच बेगमीला 'पुरुमेंत' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला असून मडगावचे पुरुमेंताचे फेस्त आजही मे-जूनच्या सुमारास भरते.

सारांश, ज्येष्ठ महिन्यातील घर वर्षातले सर्वांत भरलेले घर असते. त्याला पसारा म्हणणे चुकीचे ठरेल. पावसाने वाटा बंद होणार, बाजार भरणार नाही, सरपण भिजणार, या अनुभवावर ती मांडणी उभी आहे. रिकामे व नीटनेटके घर हे सर्व ऋतूंत सारखेच इष्ट असते, ही धारणा दाराशी दुकान असलेल्या माणसाची आहे.

दसरा काढणे : घर रिते होण्याचा काळ

पश्चिम महाराष्ट्रात, विशेषतः सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या भागांतील खेड्यांत नवरात्रापूर्वीच्या सफाईला 'दसरा काढणे' असा रूढ शब्दप्रयोग आहे. येथे 'काढणे' हे क्रियापद अर्थपूर्ण आहे. घरातील जवळजवळ प्रत्येक वस्तू या काळात जागेवरून काढून बाहेर आणली जाते. फळीवरची तांब्या-पितळेची भांडी खाली येतात आणि चिंचेने, राखेने घासली जातात. उतरंडीची मडकी एकेक करून उतरवली जातात. आढ्याची जळमटे निघतात, भिंती सारवल्या वा रंगवल्या जातात आणि सगळ्यांत मोठे काम म्हणजे अंथरुणांचे असते. वाकळा, गोधड्या, घोंगडी, चादरी यांची गाठोडी बैलगाडीतून, अलीकडे ट्रॅक्टरमधून, नदीला किंवा ओढ्याला नेली जातात. जुन्या लुगड्यांच्या व धोतरांच्या अनेक थरांची गोधडी भिजली म्हणजे एकट्या बाईला उचलत नाही. दोघींनी दोन टोके धरून ती पिळावी लागते. त्यामुळे हे काम भावकीतल्या, शेजारच्या बायका मिळून करतात. दिवसभर काठावरचे खडक आणि झुडपे रंगीबेरंगी गोधड्यांनी झाकलेली असतात. घट बसल्यावर अनेक घरांत धुणी-आवराआवर वर्ज्य मानली जात असल्याने सर्व काही त्यापूर्वी उरकण्याची घाई असते.

हा काळ का निवडला गेला असावा? धार्मिक कारण उघड आहे; देवी घरात यावयाची तर घर स्वच्छ हवे. परंतु त्याखाली एक व्यावहारिक कारणही दिसते. आगोटीला भरलेली बेगमी भाद्रपदापर्यंत संपत आलेली असते आणि खरिपाचे नवे धान्य अजून घरात यावयाचे असते. म्हणजेच मडकी, कणगी, डबे वर्षातून एकदाच खऱ्या अर्थाने रिकामे असतात ते याच सुमारास. जुन्या धान्यातले सोंडे-टोके नव्या धान्यात जाऊ नयेत यासाठी पात्रे झाडून, उन्हात तापवून घेणे आवश्यक ठरते. वस्तू टाकून मिळवलेले हे रितेपण नव्हे. ते खाऊन संपवल्याने आलेले असते.

दमटपणा, ऊन आणि चुना

पावसाळ्यात मुंबई-कोकणात हवेतील सापेक्ष आर्द्रता जुलैमध्ये सरासरीने ८० टक्क्यांच्या वर असते. कापड, कागद, लाकूड, चामडे हे पदार्थ हवेतील ओलावा शोषून घेतात आणि आर्द्रता दीर्घकाळ ७० टक्क्यांच्या आसपास वा त्याहून अधिक राहिली की त्यांच्यावर बुरशी वाढू लागते. कापसाच्या जाड अंथरुणात धुळीतील सूक्ष्म कोळीवर्गीय कीटकही पोसले जातात. दमा आणि सर्दीच्या अनेक रुग्णांना त्यांचा उपद्रव होतो. उन्हात वाळविण्याने हे जीव कोरडे पडतात. आश्विनातील ऊन हे या दृष्टीने औषधच म्हणावे लागेल, कारण तेव्हा आकाश निरभ्र होते आणि हवेतील ओलावाही उतरणीला लागतो.

चुन्याचे कार्य निराळे आहे. भिजवलेला चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने भिंतीवरील बुरशीला तो जगू देत नाही. पुढे हवेतील कर्बद्विप्राणिद वायूशी त्याचा संयोग होऊन चुनखडीचा पातळ थर तयार होतो. या थरातून भिंतीचा ओलावा बाहेर पडू शकतो. आजचे प्लॅस्टिक रंग दिसावयास गुळगुळीत व टिकाऊ असले तरी भिंतीत मुरलेले पाणी ते आतच कोंडतात आणि मग फुगे येऊन पोपडे सुटतात. दरवर्षी चुना द्यावा लागतो ही त्याची उणीव मानली गेली. वस्तुतः त्या निमित्ताने दरवर्षी प्रत्येक भिंत रिकामी होत असे, कपाटे हलत असत आणि ओल कोठे आली आहे हे घराला कळत असे.

तिथी आणि मोसमी वारे

येथे एक अडचण लक्षात घेतली पाहिजे. सणांची गणना चांद्रमासाने होते, तर पाऊस सूर्याच्या गतीशी बांधलेला आहे. अधिकमासामुळे दोहोंचा मेळ राखला जातो, पण तो ढोबळ असतो. २०२३ साली घटस्थापना १५ ऑक्टोबरला होती, तर २०२५ साली ती २२ सप्टेंबरला आली. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये सुधारलेल्या तारखांनुसार मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. पूर्वी ती २९ सप्टेंबर मानली जाई. याचा अर्थ, नवरात्र लवकर येते त्या वर्षी गोधड्या धुण्याचे दिवस अद्याप पावसाचे असतात. जाड गोधडी आतून ओली राहिली तर ती न धुतलेल्या गोधडीहून अधिक कुबट होते. अशा वर्षी जाड अंथरुणे दसऱ्यानंतर, दिवाळीपूर्वीच्या पंधरवड्यात धुणे श्रेयस्कर ठरते. जाणत्या बायका तसे करतातही.

टाकलेल्या वस्तूंची वाट

आवराआवरीत निघालेल्या वस्तू कोठे जात, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. नेसून विरलेले लुगडे गोधडीत जाई, गोधडी विरली की तिचे पोतेरे होई, आणि पोतेरे शेवटी उकिरड्यावरून शेतात पोचे. मोडके लाकूड होळीला मिळे. शहरांत बोहारीण दारावर येऊन जुने कपडे घेई आणि बदल्यात स्टीलचे भांडे देई. तिच्याशी चालणारी घासाघीस हा एका संपूर्ण पिढीच्या दुपारचा विरंगुळा होता. या व्यवस्थेत प्रत्येक वस्तूला पुढचा धनी ठरलेला होता.

कृत्रिम धाग्यांच्या कापडाने ही साखळी तोडली. पॉलिस्टरची साडी निसरडी असते, घाम शोषत नाही, कुजतही नाही. तिची गोधडी होऊ शकते, पण तिला कापसाच्या गोधडीची ऊब येत नाही. काथ्या, फोम आणि कापड एकत्र चिकटवलेल्या गाद्यांचे घटक वेगळे करणे तर जवळजवळ अशक्यच असते. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी ओला, सुका व घरगुती घातक असे वर्गीकरण घरातच करण्याची जबाबदारी नागरिकांवर टाकली; परंतु दिवाळीपूर्वी सोसायट्यांच्या दारांत उभ्या राहणाऱ्या गाद्या आणि उशा यांपैकी कोठेही सहज बसत नाहीत. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. अशा संघटनांच्या कामामुळे निदान काही वस्तूंना पुन्हा वाट मिळते. आपल्या घरातून 'निरोप' दिलेली वस्तू प्रत्यक्षात दुसऱ्या कोणाच्या तरी हातात गेलेली असते, ही गोष्ट आनंदाच्या कसोटीत मोजली जात नाही.

श्रमाचा प्रश्न

या प्रथांचे गुणगान करताना त्यांमागील श्रम विसरता येणार नाहीत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. ही सरासरी रोजच्या कामाची आहे. दसरा काढण्याचे आठ-दहा दिवस तिच्यावर आणखी चढतात. नदीवर मिळून होणारे काम निदान गप्पांत आणि हास्यविनोदात हलके होत असे. फ्लॅटमध्ये तेच काम एकटीवर किंवा घरकामाला येणाऱ्या बाईवर पडते, आणि तिच्या स्वतःच्या घरचा दसरा मात्र रात्री काढला जातो.

सदनिकेतील ऋतुमान

सदनिकेत कौले नाहीत, कणगी नाही, चुलीवरची कोरडी जागा नाही. ओलावा मात्र आहे. बाहेरच्या भिंतीला चिकटून ठेवलेले प्लायवूडचे कपाट आणि पलंगाखालची बंद पेटी या दोन जागांत तो सर्वाधिक साठतो. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवणे, पलंगाच्या पेटीत पावसाळाभर जाड पांघरुणे न कोंबणे, आणि पाऊस परतल्यावर दोन्ही सताड उघडी ठेवणे एवढ्याने बुरशी बरीच आटोक्यात येते. पुस्तकांना कडक उन्हात ठेवू नये; कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. सावलीत, वाहत्या हवेत, पाने विलग करून ठेवल्यास कसर आणि बुरशी दोन्ही निघतात. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत साठापडताळणी बहुधा मार्चअखेर, आर्थिक वर्षाच्या सोयीने होते. ग्रंथांची खरी हानी ऑगस्टमध्ये होत असते आणि ती ऑक्टोबरमध्ये पाहिली तर वेळीच लक्षात येऊ शकते.

२०२५ च्या सप्टेंबरअखेरीस, ऐन नवरात्रात, सीना नदीच्या पुराने सोलापूर जिल्ह्यातील आणि अतिवृष्टीने मराठवाड्यातील अनेक गावांत पाणी घरांत शिरले. ज्या घरांचा दसरा नुकताच काढून झाला होता तेथे धुतलेली अंथरुणे चिखलात गेली. शासकीय मदतीच्या निकषांत कपडे आणि भांडी यांच्या नुकसानीचा वेगळा विचार असतो. आजीच्या व आईच्या लुगड्यांची शिवलेली गोधडी पंचनाम्यात कपडे या सदराखालीच धरावी लागते. तिला निराळे सदर नाही.