शोभेचा धूर

ऑक्टोबर उजाडला की आपल्या घरांतून दोन विषय निघतात. भाजणी पुरेल का, आणि यंदा फटाक्यांचं काय. दिवाळी आणि ५ नोव्हेंबरची गाय फॉक्स नाइट जवळजवळ येतात, त्यामुळे मुलांचा उत्साहही दुप्पट. अलीकडे मात्र त्यांच्या तोंडी फटाक्यांपेक्षा रंगीत धूर जास्त असतो. लग्नाच्या फोटोत नवरा-नवरीमागे उठणारे गुलाबी-निळे लोट, फुटबॉलच्या स्टँडमधला लाल धूर, विमानांमागचे रंगीत पट्टे, हे सगळं त्यांनी पाहिलेलं असतं. मग प्रश्न येतो, "हे आपण घरी करू या का? इंटरनेटवर सगळं दाखवतात!"

मंडळात हा प्रश्न हमखास आम्हां इंजिनिअर मंडळींकडे ढकलला जातो. नुसतं "नको" म्हटलं तर चौदा वर्षांच्या मुलाला ते पटत नाही, आणि पटू नयेच. म्हणून कारणासकट उत्तर द्यायचा हा प्रयत्न.

आधी थोडं शास्त्र. फटाक्यातला रंग आणि धुरातला रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकाशात फुटणाऱ्या बाणाचा लाल रंग स्ट्रॉन्शियमच्या क्षारांचा, हिरवा बेरियमचा, निळा तांब्याचा. ते क्षार तापून रंगीत उजेड देतात. धुरात उजेड नसतोच. तिथे इंधन जळायचं असतं, आणि रंगाने मात्र न जळता नुसतं उडून जायचं असतं.

आपल्या देवघरातली कापराची डबी आठवा. बरेच दिवस बंद राहिली तर झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक स्फटिक धरलेले दिसतात. कापूर न वितळताच हवेत उडतो आणि थंड जागी पुन्हा घन होऊन बसतो. धुराच्या नळकांड्यात कापराच्या जागी सेंद्रिय रंग असतो. आतल्या उष्णतेने त्याची वाफ होते, बाहेरच्या गार हवेत त्या वाफेचे असंख्य सूक्ष्म कण बनतात, आणि त्यालाच आपण रंगीत धूर म्हणतो.

असे कृत्रिम रंग बनवण्याचा उद्योग सुरू झाला तोही लंडनमध्येच. १८५६ साली १८ वर्षांचा विल्यम हेन्री पर्किन ईस्ट लंडनमधल्या आपल्या घरच्या प्रयोगशाळेत मलेरियावरचं क्विनीन बनवायला गेला, आणि हाती आला जांभळा रंग. पुढे त्याने ग्रीनफर्डला कारखाना काढला. वेम्ब्ली-हॅरोकडच्या आपल्या मंडळींना ग्रीनफर्ड म्हणजे अगदी शेजार. मुलं लगेच म्हणतील, "बघा, पर्किननेही घरीच केलं की!" खरं आहे. पण तो रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत हॉफमनसारख्या गुरूच्या हाताखाली शिकत होता, आणि तो रंग बनवत होता, पेटतं मिश्रण नव्हे. सगळी मेख इथेच आहे.

धुराचं मिश्रण तापमानाच्या फार अरुंद पट्टीत चालतं. कमी तापलं तर विझतं. जास्त तापलं तर रंग उडण्याऐवजी जळतो, गुलाबीच्या जागी काळा धूर येतो आणि वर ज्वाळा निघतात. शिवाय असं मिश्रण जळायला लागणारा ऑक्सिजन आपल्या पोटातच बाळगतं. म्हणून त्यावर झाकण घालून किंवा ओलं फडकं टाकून ते विझेल असं समजू नये. एकदा सुरू झालं की ते आपल्या मर्जीने थांबतं, आपल्या नव्हे. घर्षण, परक्या रसायनाचा अंश, स्थिर विजेची बारीकशी ठिणगी, एवढंही पेट घ्यायला पुरू शकतं. नायलॉनचा स्वेटर, गालिचा आणि हिवाळ्यात सेंट्रल हीटिंगने कोरडी झालेली हवा! मोटारीच्या दाराला हात लावताना चटका बसतो तो आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. कारखान्यांत जमिनीपासून कपड्यांपर्यंत सगळं यासाठी वेगळं ठेवतात. आपल्या गराजमध्ये ते होणे नाही.

आणि ते विमानांचे पट्टे? १९६५ पासून प्रात्यक्षिकं करणारे रेड ॲरोज धुरासाठी नळकांडी पेटवत नाहीत. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम झोतात ते डिझेल सोडतात. नुसत्या डिझेलचा धूर पांढरा, आणि त्यात रंग मिसळला की लाल किंवा निळा.

दारूकाम हा आपल्याकडेही कधी पोरखेळ नव्हता. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी हिंदुस्थानातल्या शोभेच्या दारूचा इतिहास लिहिला, तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. पेशव्यांच्या बखरीतली एक हकिकत त्यांनी त्यात दिली आहे. महादजी शिंदे सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचं वर्णन सांगतात. तिथला राजा शहराबाहेर 'दारूची लंका' उभारतो, मधोमध रावण, भोवती राक्षस आणि वानर, आणि मारुतीचं शेपूट पेटवलं की तो उडत जाऊन लंका जाळतो. हे ऐकून तरुण पेशव्यांनी पुण्यातही तशीच लंका करवून घेतली, पर्वतीच्या पायथ्याशी. हौस पेशव्यांची, पण हात जाणत्या कारागिरांचे, आणि जागा वस्तीपासून दूर. दोनशे वर्षांपूर्वीही हे भान होतं.

हे भान सुटलं की काय होतं हे आपण फार लांब न जाता पाहिलं आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडजवळ तळवड्याला एका छोट्या कारखान्यात आग लागली. तिथे काय बनत होतं? वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या. त्या दिवशीच किमान ६ जणींचा जीव गेला. शोभेची वस्तू जळताना शोभेची असते, बनताना नव्हे.

आता इथला कायदा. आवाज होत नाही म्हणजे तो फटाका नव्हे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. उष्णता, उजेड, आवाज किंवा धूर, यांपैकी कशाचाही परिणाम साधणारं मिश्रण कायद्याच्या दृष्टीने एकाच पंक्तीत बसतं. २०१४ च्या एक्सप्लोझिव्ह्ज रेग्युलेशन्सप्रमाणे अशी वस्तू वापरासाठी बनवायला परवाना लागतो. 'छंद म्हणून केलं' ही सबब तिथे चालत नाही. लागणारी काही रसायनं १९७२ च्या पॉयझन्स ॲक्टखाली येतात. त्यांतली काही होम ऑफिसच्या परवान्याशिवाय घरात नुसती ठेवणंही गुन्हा आहे, आणि संशयास्पद खरेदी कळवणं दुकानदारांना बंधनकारक आहे. विकत घेतलेलं नळकांडंही फुटबॉलच्या सामन्याला नेता येत नाही. १९८५ च्या कायद्यानुसार ते खिशात घेऊन स्टेडियममध्ये शिरण्याचा प्रयत्न केला तरी शिक्षा होऊ शकते. २०१७ पासून संगीत महोत्सवांनाही तसाच नियम लागू आहे.

याहून जुना १८८३ चा कायदा तर आयरिश डायनामाइटच्या धास्तीतून आलेला. त्यात संशयास्पद परिस्थितीत स्फोटक पदार्थ सापडला तर हेतू कायदेशीर होता हे दाखवण्याची जबाबदारी ज्याच्याकडे सापडला त्याच्यावर येते. मंडळी, इथे जरा थांबून विचार करू या. आपल्यापैकी कुणाच्या शेडमध्ये अर्धवट मिसळलेली पावडर आणि मुलाच्या कॉम्प्युटरवर कृती सापडली, तर 'दिवाळीसाठी होतं' हे आपण कुणाकुणाला समजावत बसणार? पुढे मेडिसिनला प्रवेश घेताना डीबीएसची तपासणी असते. ब्रिटिश नागरिकत्वाच्या अर्जात वर्तणुकीची चौकशी १० वर्षांवरील मुलांचीही होते. बोटं शाबूत राहिली तरी कागदावरचा डाग लवकर जात नाही.

मग मुलांच्या कुतूहलाचं काय करायचं? ते विझवायचं मुळीच नाही. फोटोसाठी धूर हवाच असेल तर नामांकित दुकानातून, खुणेचं आणि सूचना छापलेलं नळकांडं मोठ्यांनी घ्यावं. ते १८ वर्षांखालच्यांना विकत नाहीत. मोकळ्या जागी, वारा पाहून, जागेच्या मालकाची परवानगी काढून वापरावं. पार्क असेल तर कौन्सिलला विचारावं. नळकांडं बराच वेळ गरम राहतं, धूर छातीत घ्यायचा नसतो, आणि रंग भरजरी शालूवर बसला तर निघत नाही. आतषबाजीची हौस असेल तर इंग्लंड-वेल्समध्ये दिवाळीच्या रात्री १ वाजेपर्यंत फटाके उडवायला मुभा आहे, एरवी ११ पर्यंत. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत, तिथल्या मंडळींनी ते पाहून घ्यावेत.

ज्याला हे खरंच शिकायचं आहे त्याच्यासाठी रीतसर वाटही आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षक आयोडीन तापवून जांभळी वाफ दाखवतात आणि ती थंड काचेवर पुन्हा स्फटिक होऊन बसते. रंगीत धुराचं अर्धं रहस्य त्यातच उलगडतं. पुढे केमिस्ट्री घेता येते. अठरा झाल्यावर आतषबाजीचे कार्यक्रम करणाऱ्या व्यावसायिक कंपन्यांत काम शिकता येतं, आणि ब्रिटिश पायरोटेक्निस्ट्स असोसिएशनचं प्रशिक्षणही असतं.

आमची एक सूचना आहे. येत्या दिवाळी मेळाव्यात फराळाच्या टेबलाशेजारी मुलांसाठी एक शास्त्राचं टेबल मांडावं. कापराची जुनी डबी, टिपकागदावर पसरणारे शाईचे रंग, लाल कोबीच्या रसात लिंबू नि सोडा. हात घालायला मुलांना, आणि शंका विचारायला आम्ही आहोतच. कापराची डबी मात्र ज्याने त्याने आपल्या देवघरातली आणावी, आणि महिनाभर आधीपासून न उघडता ठेवावी.