उतरायचे नाही, हे ठरवायला शिकताना

वैमानिकाच्या प्रशिक्षणातला एक भाग सहज मोजता येतो. भारतात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवायचा तर किमान २०० तास उड्डाण करावे लागते. त्यातले १०० तास विमानाची पूर्ण जबाबदारी स्वतःकडे घेऊन केलेले असावे लागतात. हवामानशास्त्र, दिशादर्शन आणि नियम यांच्या लेखी परीक्षा वेगळ्या. बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुडसारख्या गावातून बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन कोणी बारामती, शिरपूर किंवा गोंदियाच्या प्रशिक्षण संस्थेत गेले, तर हे आकडे पहिल्याच आठवड्यात पाठ होतात. समोर ढग दाटलेले असताना पुढे जायचे की माघारी फिरायचे, हे ठरवण्याची कुवत मात्र लॉगबुकाच्या कोणत्याच रकान्यात लिहिता येत नाही.

ही कुवत शिकवता येत नाही, तास वाढले की ती आपोआप येते, असा समज बराच काळ होता. अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक प्रशासनासाठी इलिनॉय विद्यापीठातील रिचर्ड जेन्सन आणि रसेल बेनेल यांनी १९७०च्या दशकात केलेल्या अभ्यासाने या समजाला धक्का दिला. १९७० ते १९७४ या वर्षांत लहान विमानांचे जे प्राणघातक अपघात वैमानिकाच्या चुकीमुळे झाले, त्यांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत चूक हाताची नव्हती, निर्णयाची होती. मग निर्णय शिकवण्यासाठी खास पाठ तयार झाले आणि अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलियात ते विद्यार्थी वैमानिकांवर तपासले गेले. हे शिक्षण मिळालेल्या विद्यार्थ्यांच्या निर्णयातल्या चुका इतरांपेक्षा १० ते ५० टक्क्यांनी कमी भरल्या. टक्केवारीतली ही तफावत मोठी आहे, पण कल सगळीकडे एकच होता.

या पाठांचा गाभा म्हणजे पाच घातक मनोवृत्तींची ओळख. नियम सांगणाऱ्यावरच रागावणारी पहिली. काहीतरी लगेच केलेच पाहिजे म्हणून सुचेल ते करून टाकणारी दुसरी. अपघात इतरांना होतात, आपल्याला नाही, असे मानणारी तिसरी. ‘मी करून दाखवतो’ म्हणणारी चौथी, आणि आता आपल्या हातात काही नाही म्हणून हात टेकणारी पाचवी. प्रत्येकीवर एक ठरलेले प्रतिवाक्य असते. तिसरीसाठी ‘हे माझ्याही बाबतीत घडू शकते’, पाचवीसाठी ‘मी हतबल नाही, मला काही करता येईल’. ही वाक्ये बाळबोध वाटतात आणि आहेतही. दडपणाखाली आठवायची असल्यानेच ती इतकी सोपी ठेवलेली आहेत.

मोठ्या विमानात प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण तिथे निर्णय दोघांचा असतो. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफे बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो विमाने एकमेकांवर आदळून ५८३ माणसे मेली. पुढच्याच वर्षी पोर्टलंडजवळ चाकांचा बिघाड निस्तरण्यात गुंतलेल्या कॅप्टनचे इंधन संपत आले. सहकाऱ्यांनी त्याबद्दल सांगितले, पण ठामपणे नाही. अशा अपघातांनंतर संपूर्ण कॉकपिटलाच एक चमू मानून प्रशिक्षण देण्याची पद्धत रुजली. कनिष्ठाने ठामपणे कसे बोलायचे आणि वरिष्ठाने कसे ऐकायचे, हे तिथे घोटून घेतले जाते.

ही पद्धत भारतातही आली, तरी तिची मर्यादा दोन अपघातांनी दाखवली. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरच्या टेकडीवरच्या धावपट्टीवर न थांबता दरीत कोसळले आणि १५८ जण मेले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीत दिसले, की कॅप्टन प्रवासाचा बराचसा वेळ झोपलेला होता, जागा झाल्यावर विमान गरजेपेक्षा बरेच उंच होते आणि सहवैमानिकाने तीनदा ‘गो-अराउंड’ म्हणूनही, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चला असे सांगूनही, कॅप्टनने उतरणे सोडले नाही.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, त्याच कंपनीचे विमान कोळिकोडला उतरत होते. पाऊस होता. पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला आणि विमान वर घेतले गेले. हा निर्णय योग्यच होता. दुसरा प्रयत्न उलट दिशेने, मागून वारा असताना झाला. २७०० मीटरच्या ओल्या धावपट्टीवर चाके टेकली ती सुमारे १३५० मीटरवर, म्हणजे निम्मी धावपट्टी मागे पडल्यावर. २१ जण मेले. २०२१च्या अहवालानुसार सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’ म्हटले होते, पण नियंत्रण हाती घेतले नव्हते. कॅप्टनच्या गाठीशी दहा हजारांहून अधिक तास होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच विमानतळावरून त्याला दुसरे उड्डाण न्यायचे होते आणि तिथे कॅप्टनची कमतरता होती, हीदेखील अहवालाची नोंद आहे. काय करायला हवे हे माहीत नसल्याने ही चूक झाली, असे कोणालाच म्हणता येणार नाही.

म्हणून आजच्या प्रशिक्षणाचा भर ऐनवेळी हुशारीने ठरवण्यापेक्षा, जमिनीवर शांत डोक्याने आधीच ठरवून ठेवण्यावर आहे. मोठ्या विमानाच्या प्रत्येक उड्डाणाआधी वजन, तापमान, वारा आणि धावपट्टी पाहून ‘व्ही-वन’ हा वेग काढतात. त्याआधी इंजिन बंद पडले तर थांबायचे. त्यानंतर पडले तर उडायचेच. उतरतानाही तसेच. ढगाळ हवेत १००० फुटांवर आणि स्वच्छ हवेत ५०० फुटांवर वेग, खाली येण्याचा दर आणि विमानाची रेषा मर्यादेत नसेल, तर वर जायचे. ‘अजून सावरता येईल’ हा विचार शिरायला वावच ठेवायचा नाही.

लहान विमानाच्या विद्यार्थ्याला हेच प्रसंगांतून शिकवले जाते. मे महिन्यात दुपारी मराठवाड्यावर वळिवाचे ढग तासाभरात उभे राहतात. तापलेल्या विरळ हवेत पंखांना आणि इंजिनाला जोर कमी मिळतो आणि उडायला धावपट्टी जास्त लागते. अशा दिवसाचा नकाशा पुढ्यात ठेवून प्रशिक्षक विचारतो: वाटेत कुठून वळायचे, तेव्हा टाकीत किती इंधन हवे, पर्यायी विमानतळ कोणता? मग हवेत मध्येच ‘तुझा विमानतळ बंद झाला’ असे सांगून तो गप्प बसतो. गप्प बसणे हे प्रशिक्षकासाठी सर्वांत अवघड, कारण उत्तर सांगून टाकले की धडा वाया जातो. जमिनीवर परतल्यावरच्या चर्चेत ‘उतरलास कसा’ यापेक्षा ‘तेव्हा तुझ्या मनात काय चालले होते’ हा प्रश्न मोलाचा. वाईट निर्णय घेऊनही सुखरूप उतरलेला विद्यार्थी तो निर्णय पुन्हा घेण्याची शक्यताच अधिक.

सगळाच भार वैमानिकावर टाकणेही बरोबर नाही. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादहून उडालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकले, पुढे वीजवाहक तारांत अडकून कोसळले आणि ५५ माणसे मेली. चौकशीत विमानाचे नाक उचलायला उशीर करणाऱ्या वैमानिकांची चूक निघाली, तशीच उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक न थांबवणाऱ्या विमानतळ प्राधिकरणाचीही.

निर्णयक्षमता आता वैमानिकाच्या मूल्यमापनाचाही भाग आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवलेल्या वैमानिकाच्या क्षमतांत समस्या सोडवणे व निर्णय घेणे ही स्वतंत्र क्षमता आहे आणि परीक्षक सिम्युलेटरमध्ये वैमानिकाचे वागणे पाहून ती जोखतात. अनेक विमान कंपन्यांत उतरणे सोडून वर गेल्याबद्दल वैमानिकाला जाब विचारला जात नाही. जादा इंधन जळते, वेळापत्रक बिघडते, प्रवासी कुरकुरतात. हा खर्च कंपनीने आधीच मान्य केलेला नसेल, तर वर्गात शिकलेले ‘गो-अराउंड’ कॉकपिटमध्ये तोंडातून बाहेर पडणे कठीण जाते.