‘शी!’ म्हणण्याआधी जरा थांबा

मैत्रिणींनो, आज लेखाची सुरुवात एका कबुलीनं करते.

तीन वर्षांपूर्वीचा श्रावण. सकाळची घाई तुम्हांला सांगायला नकोच. दोन डबे, सासूबाईंच्या पूजेची फुलं, न वाळलेला गणवेश आणि वरून पावसाची रिपरिप. लेक शाळेत गेल्यावर तिच्या टेबलाखालचा केर काढायला वाकले, तर कोपऱ्यात जॅमची रिकामी बाटली. झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं, आत कढीपत्त्याची दोन पानं आणि पानावर पाखराची विष्ठा पडावी तसं काळंपांढरं काहीतरी. बारकाईनं पाहिलं, तर ते हललं! ‘शी!’ करून मी ती बाटली मोरीत उपडी केली, वर बादलीभर पाणी ओतलं आणि बाटली घासूनपुसून ओट्यावर पालथी घातली.

दुपारी लेक घरी आली. तिनं पालथी बाटली पाहिली. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “आई, ते फुलपाखरू होणार होतं गं.” आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तो रुसवा गेला. पण मला खरं लागलं ते पुढच्या आठवड्यात. भिंतीवर कसलासा किडा दिसला, तेव्हा तिनं अगदी माझ्याच आवाजात ‘शी!’ म्हटलं आणि चप्पल उचलली. माझी पोळी लाटायची पद्धत उद्या ती उचलेल, तशी आज तिनं माझी किळस उचलली होती. आपण मुलांना काय काय शिकवतो, ते आपल्यालाच ठाऊक नसतं, खरं ना?

त्या दिवसापासून मी ठरवलं, आधी बघायचं, मग काय ते म्हणायचं. आणि काय सांगू, इतकी वर्षं ज्या घराचा कोपरा न् कोपरा मी झाडला, त्या घरात एवढे भाडेकरू राहत होते याचा मला पत्ताच नव्हता!

कढीपत्त्यावरचे पाहुणे

लिंबू, कढीपत्ता आणि महादेवाला वाहतो तो बेल ही एकाच कुळातली झाडं. त्यांच्यावर काही ठरावीक फुलपाखरं अंडी घालतात. मादी कोवळं पान आपल्या पायांनी चाचपून पाहते. हो, पायांनीच तिला चव कळते. मग राजगिऱ्याच्या दाण्याएवढं फिकट पिवळं अंडं पानाला चिकटवून निघून जाते. तीनचार दिवसांत अळी बाहेर येते. लहानपणी ही अळी हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणजे चिमण्या-बुलबुलांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहू नये. म्हणजे मी फसले, यात माझा एकटीचा दोष नाही! मोठी झाली की ती कात टाकून पानासारखी हिरवीगार होते. तिला हळूच काडीनं डिवचलं, तर डोक्यामागून तांबूस नारिंगी रंगाचं दोन फाट्यांचं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. तिचं हेच शस्त्र. माणसाला त्यानं काही होत नाही.

आपल्या महाराष्ट्रानं 2015 साली राज्य फुलपाखरू म्हणून मान दिलेली राणी पाकोळी हीसुद्धा याच घराण्यातली. मखमली काळे पंख आणि त्यांवर निळे पट्टे. तिच्या अळ्याही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतात.

‘पण आमचा कढीपत्ता फस्त करतात त्याचं काय?’ असं तुम्ही म्हणालच. कुंडीतल्या लहान रोपावर चारपाच मोठ्या अळ्या असतील, तर रोप खरंच उघडं पडतं. पूर्वी मी दर पंधरा दिवसांनी औषध फवारायची. नंतर एकदा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्या पानांवर विष, त्याच पानांची वरणाला फोडणी! आता एकदोन अळ्या ठेवते आणि बाकीच्या फांदीसकट उचलून सोसायटीच्या मोठ्या लिंबाच्या झाडावर नेऊन सोडते. रोप पुन्हा फुटतं, आणि जोमानं फुटतं.

भिंतीवरची कुंभारीण

खिडकीच्या चौकटीत, तसबिरीमागे, कधी तर वापरात नसलेल्या सॉकेटवर मातीचं घर बांधणारी ती बारीक कमरेची माशी तुम्ही पाहिली असेलच. आमच्या सासूबाई तिला कुंभारीण म्हणतात आणि तिचं घर मोडू देत नाहीत. कीर्तनात भ्रमर आणि कीटकाचा दृष्टान्त ऐकला आहे ना? भ्रमर किड्याला घरात कोंडतो आणि त्याच्या ध्यासानं किडा स्वतःच भ्रमर होतो. दृष्टान्त म्हणून तो सुंदरच आहे. पण मातीच्या आत प्रत्यक्षात घडतं ते निराळं.

कुंभारीण अळीला किंवा कोळ्याला डंख मारते, पण जिवे मारत नाही, नुसतं लुळं करते. मग तो जीव मातीच्या खोलीत ठेवायचा, तिथंच आपलं एक अंडं घालायचं आणि दार लिंपून टाकायचं. अंड्यातून निघालेलं पिल्लू तो ताजा खुराक खाऊन वाढतं आणि भिंत फोडून बाहेर पडतं. म्हणजे फ्रिज आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधी या बाईनं अन्न ताजं ठेवायची सोय केली होती! पिल्लाचं तोंडही न पाहता त्याच्या जेवणाची भरून ठेवलेली ती खोली पाहिली, की मला परगावी निघण्याआधी डबे भरून ठेवणाऱ्या आपणच आठवतो.

घर खरवडायचंच असेल, तर त्याला गोल भोकं पडलेली आहेत का ते पाहा. भोकं असतील तर पिल्लं उडून गेली आहेत असं समजा.

हा दाणा चालतो कसा?

छताच्या कोपऱ्यात किंवा पंख्याच्या स्विचजवळ भोपळ्याच्या बीसारखं काहीतरी करड्या रंगाचं चिकटलेलं असतं. आपण त्याला धूळ समजतो. दहा मिनिटं नजर ठेवा. एका टोकातून इवलंसं डोकं निघतं आणि ‘धूळ’ चालू लागते! ही एका बारीक पतंगाची अळी. रेशमाच्या धाग्यात धूळ आणि रेतीचे कण गुंफून तिनं स्वतःला पिशवी शिवली आहे. पिशवी दोन्हीकडून उघडी, म्हणून अळीला आत वळून दुसऱ्या दारानं निघता येतं. कोळ्याची जुनी जाळी, गळलेले केस, लोकर हे तिचं अन्न. तेव्हा तिचं कौतुक करा, पण स्वेटर मात्र धुऊन, उन्हं दाखवून, घट्ट बंद करूनच ठेवा.

मावा आणि त्याचे वैरी

जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यावर मावा पडला, की तिथं मुंग्यांची ये-जा सुरू होते. मुंग्या मावा खात नाहीत. मावा रस शोषून जो गोड चिकट पाझर सोडतो, तो त्या चाटतात, आणि गवळ्यानं गाई राखाव्या तसा मावा राखतात. त्याचे वैरी म्हणजे लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ढालकिडे. पण गंमत अशी, की ढालकिड्याचं पिल्लू त्याच्यासारखं दिसतच नाही. करडं-काळं, लांबट, इवल्याशा सुसरीसारखं ते ध्यान पाहून आपण पहिल्यांदा त्यालाच चिरडतो. आणि तेच तर मावा फस्त करत असतं! हो, वांग्याच्या पानांची चाळण करणारा एक भाऊबंद त्यांच्यातही आहे. भाऊबंद कुठं नसतात?

गुलाबाच्या पानांना कुणी कात्रीनं काढावेत तसे गोल तुकडे गेलेले दिसले, तर तेही कीड म्हणून घाबरू नका. एक रानमाशी ते तुकडे नेऊन पिल्लांच्या खोल्यांना अस्तर लावते. गुलाब त्यानं मरत नाही.

तीही गृहिणीच होती

तुम्ही म्हणाल, ‘आम्हांला संसारातून वेळ कुठला?’ म्हणून मारिया सिबिला मेरियान या बाईंची गोष्ट सांगते. त्या 1647 साली जर्मनीत फ्रँकफर्टला जन्मल्या. तेराव्या वर्षी रेशमाचे किडे पाळून त्यांची चित्रं काढू लागल्या. त्या काळी किडे चिखलातून, कुजक्या पदार्थांतून आपोआप होतात असं पुष्कळ लोक मानत. मारियाबाईंचं लग्न झालं, दोन मुली झाल्या, पण अळ्या पाळणं सुटलं नाही. 1679 साली त्यांनी पुस्तक काढलं. त्यात अळी, तिचं झाड, कोष आणि फुलपाखरू असा सगळा प्रवास एकेका चित्रात मांडला. 1699 मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धाकट्या लेकीला घेऊन त्या जहाजानं दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला गेल्या आणि तिथल्या कीटकांवरचं त्यांचं पुस्तक 1705 साली निघालं. आपल्याला तर गॅलरीपर्यंतच जायचं आहे!

बघायचं कसं?

• फांदीखाली पांढरा कागद धरा आणि फांदी हलकेच झटका. कागदावर किती जण उतरतात पाहा.
• एक साधं भिंग घरात ठेवा. पानं नेहमी उलटी करून बघा.
• केसाळ सुरवंटाला हात लावू नका. त्याचे केस टोचून खाज सुटते.
• पावसाळ्यात ट्यूबलाइटपाशी मुंगीसारखा लांबट, काळा-नारिंगी किडा येतो. तो अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा. चिरडला तर त्याच्या रसानं कातडी भाजल्यासारखी होते. रस लागलाच, तर साबणानं धुवा.
• डासांचं मात्र कौतुक नको. पिंप, कुंड्यांखालच्या ताटल्या, फुलदाण्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून कोरड्या करा, म्हणजे अळ्यांचे डास होणार नाहीत.

आणि बाटलीचं काय झालं?

पुढच्या श्रावणात कढीपत्त्यावर पुन्हा अळ्या दिसल्या. मी लेकीला हाक मारली. एक अळी आम्ही कुंडीतच राहू दिली. तिनं काडीला धाग्याचा पट्टा बांधून कोष केला. लेक रोज शाळेतून आली की आधी गॅलरीत. बाराव्या दिवशी कोषाला टाचणीच्या टोकाएवढं भोक, आणि त्यातून फुलपाखराऐवजी इवल्या इवल्या माश्या बाहेर! दुसऱ्या कुणीतरी त्या कोषात आपली अंडी घातली होती. लेकीचा चेहरा एवढासा झाला. “म्हणजे ते मेलं?” मी खोटं बोलले नाही. म्हटलं, “हो गं. त्याच्यावर दुसऱ्याची पिल्लं वाढली.” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आपण अजून एक बघू या?”

या खेपेला जॅमची बाटली मीच धुऊन दिली, तोंडाला पातळ मलमल बांधून. रोज ताजं पान आणि आत चढायला एक काडी. एका रविवारी सकाळी कोष उकलला. पंख ओले, चुरगळलेले. लेक मदत करायला निघाली, तिला थांबवलं. ते ज्याचं त्यालाच उलगडावं लागतं, हात लावला तर पंख कायमचे अधू होतात. तासा-दीड तासानं ते लिंबाच्या झाडाकडे उडून गेलं. सासूबाईंनी गॅलरीतूनच हात जोडले.

ती बाटली आता ओट्यावर नसते, गॅलरीतच असते. आणि झुरळ दिसलं, की आम्ही दोघी अजूनही ‘शी!’ म्हणतोच. पण बाकीच्यांना आधी बघून घेतो. तुम्हीही आज फोडणीला पानं तोडण्याआधी एक पान उलटून पाहाल ना?