उर्वरित अंश : लेखांक ७ – धुऊन न जाणारे

कमाल अवशेष मर्यादा कशी ठरवली जाते, हा या लेखांकासाठी योजलेला विषय एक आठवडा पुढे ढकलणे आवश्यक झाले आहे. कारण द्राक्षे सोड्याच्या पाण्यात किती वेळ ठेवावीत, ही वाचकांची विचारणा वरवर घरगुती वाटली तरी तिचे उत्तर थेट वेलीच्या खोडापर्यंत पोचते.

सोड्याचा उपयोग होतो, हे खरे आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, खाण्याच्या सोड्याच्या द्रावणात फळे 12 ते 15 मिनिटे ठेवल्यावर सालीच्या पृष्ठभागावरील दोन कीडनाशके निघून गेली. मात्र त्यांपैकी थायाबेन्डाझोल या बुरशीनाशकाचा सुमारे 20 टक्के अंश तोवर सालीच्या आत शिरलेला होता आणि त्याला सोडा पोचू शकला नाही. धुण्याची मर्यादा ती हीच. जी रसायने वनस्पती शोषून घेते आणि आपल्या रसाबरोबर अंगभर फिरवते, त्यांना आंतरप्रवाही म्हणतात, आणि अशा रसायनांचा निचरा बागेतच व्हावा लागतो.

महाराष्ट्राच्या द्राक्षशेतीला हा धडा 2010 च्या हंगामात फार महागात मिळाला. युरोपात पोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे बागायतदारांच्या बोलीतील ‘सीसीसी’चे, अंश आढळले आणि माल अडकून पडला. सीसीसी हे कीडनाशक नव्हे, तर वाढनियंत्रक आहे : वेलीची शाकीय वाढ ज्या जिबरेलिन या संजीवकामुळे होते, त्याची निर्मितीच ते रोखते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या फुटी जोमाने धावू लागल्या की त्यांना आवर घालून काडीच्या डोळ्यांत घडनिर्मिती साधावी, यासाठी ते फवारले जाई. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर घड येतात आणि पुढे मणी लांबावेत म्हणून तेच घड जिबरेलिनच्या द्रावणात बुडवले जातात. म्हणजे एकाच वेलीवर वर्षाच्या एका टोकाला ज्या संजीवकाची वाट अडवायची, तेच दुसऱ्या टोकाला बाहेरून पुरवायचे.

घड जन्माला येण्याच्या कित्येक महिने आधीची ही फवारणी काढणीच्या वेळी मोजली जाईल, अशी कल्पना येणे कठीण होते. परंतु सीसीसी वेलीत सहज विघटित होत नाही; ते खोडात आणि ओलांड्यात, म्हणजे खोडाच्या आडव्या फांद्यांत, साठून राहते आणि पुढच्या फुटीबरोबर वर चढते. युरोपातील नासपतीच्या बागांतही, वापर थांबवल्यानंतरच्या वर्षांत फळांत त्याचे अंश सापडत राहिले होते. म्हणून फवारणी आणि काढणी यांमध्ये किती दिवस जावेत, हे सांगणारा काढणीपूर्व कालावधी येथे दिवसांऐवजी हंगामांत मोजावा लागतो.

तपासणीची यंत्रणा तेव्हा नव्हती, असे मात्र नाही. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र अवशेष तपासणीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा म्हणून काम पाहत होते आणि 2006 पासून ‘ग्रेपनेट’ या नोंदणी यंत्रणेमुळे निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद होत होती. परंतु तपासायच्या रसायनांच्या यादीत सीसीसी नव्हते. शिवाय एकाच वेळी अनेक रसायने शोधण्याच्या प्रचलित पद्धतीत वाटलेल्या द्राक्षांतून सेंद्रिय द्रावकाने अंश वेगळे काढले जातात, आणि सीसीसी हा विद्युतभारित क्षार असल्यामुळे तो द्रावकात न उतरता पाण्यातच राहतो. त्याच्यासाठी स्वतंत्र पद्धत योजावी लागते. यादीत त्याचा समावेश या प्रसंगानंतर झाला.

युरोपची त्या वेळची मर्यादा किलोमागे 0.05 मिलिग्रॅम होती, म्हणजे 20 टन द्राक्षांत मिळून जेमतेम एक ग्रॅम. त्याच युरोपात गहू लोळू नये म्हणून हेच रसायन फवारले जाते आणि गव्हासाठी त्याची मर्यादा द्राक्षाच्या कितीतरी पट ठेवलेली आहे. खाणारा माणूस तोच आणि रसायनही तेच असताना हा फरक का पडावा, याचे उत्तर विषारीपणात नसून शेतीच्या रीतीत आहे, आणि पुढे ढकललेला विषय आता नेमका तेथूनच सुरू करता येईल.

तोवर वाचकांनी द्राक्षे वाहत्या पाण्याखाली चोळून अवश्य धुवावीत, कारण धूळ आणि सालीवरचे अंश त्याने कमी होतात; परंतु मण्याच्या आतील निर्मळपणा बागायतदाराने एप्रिलमध्येच राखलेला असावा लागतो, आणि त्यासाठी त्याच्यापर्यंत योग्य माहिती वेळेवर पोचवणे ही संशोधक, कृषी विभाग आणि निर्यातदार या सर्वांची जबाबदारी आहे.