मनगटावरील आकडा आणि खर्च झालेली ऊर्जा

गतवर्षीच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात पहाटे आम्ही काही जण वसतिगृहापासून पुलापर्यंत फिरून आलो. परतल्यावर दोघांनी मनगटे पुढे केली. वाट तीच, वेळ तीच, दोघांची अंगकाठीही सारखीच. परंतु एकाचे घड्याळ 210 कॅलरी दाखवीत होते, तर दुसऱ्याचे 300. खरे कोणाचे, हा वाद चहा होईपर्यंत चालला. त्याचे उत्तर शोधताना जे हाती आले ते येथे मांडीत आहोत. आमच्या पिढीतील अनेकांना आता मधुमेहाने गाठले आहे आणि मुलांनी हौसेने भेट दिलेल्या या घड्याळाकडे पाहून घरोघरी जेवणाचे निर्णय होऊ लागले आहेत, म्हणून हा प्रपंच.

ही घड्याळे कॅलरी मोजतच नाहीत, हे प्रथम सांगितले पाहिजे. ती टिपतात हाताची हालचाल आणि नाडीचे ठोके. घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा प्रकाश त्वचेवर पडतो आणि परतणाऱ्या प्रकाशातील चढउतारावरून नाडी ओळखली जाते. त्याला आपण भरलेले वय, उंची, वजन यांची जोड देऊन सूत्राने अंदाज काढला जातो. खरी मोजणी प्रयोगशाळेत होते. तेथे तोंडावर मुखवटा बसवून शरीराने किती प्राणवायू घेतला आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडला, हे पाहतात. 1 लिटर प्राणवायू वापरला गेला की सुमारे 5 किलोकॅलरी ऊर्जा खर्च झाली, असा तो हिशेब आहे. (बोलण्यात आपण जिला कॅलरी म्हणतो, ती वस्तुतः किलोकॅलरीच होय.)

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये 7 मनगटी उपकरणांची अशी परीक्षा प्रसिद्ध केली. त्यांनी 60 स्वयंसेवकांना चालविले, पळविले, सायकल मारावयास लावली. हृदयगतीच्या नोंदीत 6 उपकरणांची चूक 5 टक्क्यांच्या आत राहिली. कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत बऱ्या उपकरणाची सरासरी चूक 27 टक्के, तर सर्वांत वाईट उपकरणाची 93 टक्के निघाली! गडद त्वचा आणि अधिक वजन असणाऱ्यांच्या बाबतीत उपकरणे अधिक चुकली, ही गोष्ट आपण विशेष ध्यानात घ्यावी.

चुकीची कारणे समजण्यास अवघड नाहीत. भीती, उकाडा, कडक चहा यांनीही नाडी वाढते; ऊर्जा त्या प्रमाणात खर्च होत नाही. उलट डोक्यावरील घमेले दोन्ही हातांनी धरून चालणाऱ्या बाईचे मनगट जवळजवळ स्थिर असते आणि तिचे निम्मे कष्ट घड्याळाला दिसतच नाहीत. शिवाय रात्री दिसणाऱ्या दिवसभराच्या एकूण आकड्यात मोठा वाटा असतो तो श्वास, हृदय, मेंदू यांच्या अखंड कामाचा. आपण दिवसभर अंथरुणात पडून राहिलो तरी तेवढी ऊर्जा लागणारच. ती चालण्याची कमाई समजून रात्री दोन घास अधिक खाणारे आमच्यातही आहेत.

याहून गंभीर प्रकार उलट दिशेचा. आमचे एक वर्गमित्र साखरेच्या गोळ्या घेतात. घड्याळात आकडा कमी दिसला की ते रात्रीचे जेवण टाळीत. गोळी मात्र चुकवीत नसत. एके रात्री दरदरून घाम सुटून ते मोरीच्या दाराशी कोसळले. घरच्यांनी प्रसंगावधान राखून साखरेचे पाणी पाजले, म्हणून निभावले. त्यांच्या डॉक्टरांनी घड्याळ काढावयास सांगितले नाही. पावले आणि नाडी पाहावी, आपल्याच मागील आठवड्याशी ताडून पाहावी. कॅलरींचा आकडा मात्र ताटाशी वा गोळीशी जोडू नये, एवढेच सांगितले. आता त्यांनी तो आकडा पडद्यावरून काढून टाकला आहे आणि तेथे केवळ पावले दिसतात.